तीन व्हिडिओ म्हणजे तीन पुरावे नव्हेत

माणसं अशी का वागतात यावर मराठीत छोटे, गमतीदार व्हिडिओ करायचे असतील तर माईक, लाइट, एडिटिंगवर मी काही सांगत नाही. ते येतं हळूहळू. मी फसलो स्क्रिप्टमध्ये.

माझा पहिला चाललेला व्हिडिओ किटी जेनोवीजवर होता. न्यूयॉर्क, १९६४. ३८ शेजारी तिचा खून बघत राहिले आणि कुणीही हललं नाही, असं मी ठणकावून सांगितलं. तीन इंग्रजी व्हिडिओंत तेच ऐकलं होतं. पुढे कोथरूडच्या, मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंनी घरी बोलावून २००७ चा शोधनिबंध पुढ्यात ठेवला. ३८ जण बघत उभे होते याला पुरावाच नाही. आकडा वर्तमानपत्राच्या बातमीतला. एक शेजारीण तर जखमी किटीजवळ धावत गेली होती. त्या रात्री व्हिडिओ काढून टाकला. आजही आठवलं की पोटात कालवतं. ज्यांना मी ओळखतही नाही, त्यांच्यावर आळ घेतला होता.

हे नीट समजून घ्या. तिघं तेच सांगतात तेव्हा तिघांनी एकाच ठिकाणाहून उचललेलं असू शकतं. मूळ निबंध उघडा. किती माणसं, कुठली, कशी निवडली? नंतर कुणी तोच प्रयोग पुन्हा केला का? समोरचं मार्शमेलो (मऊ, गोड मिठाई) लगेच न खाता दुसऱ्यासाठी थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, हे सगळ्यांना पाठ असतं. २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांवर तपासलं, तर तो संबंध निम्म्यावर आला आणि घरची परिस्थिती जमेस धरल्यावर आणखी घसरला. हे न वाचता स्क्रिप्ट लिहूच नका.

व्हायरल व्हायचं शिकवणाऱ्या क्लासला पैसे घालू नका, असं माझं ठाम मत आहे. चुका दाखवणारं एक वाचणारं माणूस गाठा. रागावेल, पण चहाही देईल.

आणि घाबरू नका, खऱ्यातही भरपूर गंमत आहे. मानसशास्त्रज्ञ मिलग्रमच्या १९६९ च्या प्रयोगात रस्त्यावर एकटा माणूस वर बघत उभा राहिला तर ४ टक्के लोक थांबले. १५ जण बघत असले तर ४० टक्के. आम्ही पाच मित्र जंगली महाराज रस्त्यावर संभाजी बागेपाशी झाडाकडे बघत उभे राहिलो. पाचांचा हा खेळ, प्रयोग नाही, असं व्हिडिओत आधीच सांगून टाकलं. पिशवी घेऊन चाललेले एक आजोबा थांबले, बराच वेळ वर बघितलं आणि मागून आलेल्यांना म्हणाले, "त्या फांदीवर बघा, तिथेच आहे!"