निळा माशीमार ओळखताना आधी गळा पाहावा

आंबोलीच्या घाटातील जंगलात आणि घाटाखालच्या गावांमधील देवरायांत टिकेलचा निळा माशीमार हा पक्षी बाराही महिने राहतो. तरीही केवळ निळा रंग शोधत हिंडणाऱ्याला तो सहसा सापडत नाही, कारण दाट सावलीत त्याची पाठ चक्क काळी भासते. म्हणून डोळ्यांआधी कान लावावेत. सहा ते दहा बारीक, किणकिणत्या सुरांची चढउतार असलेली छोटीशी लकेर ऐकू येते, क्षणभर शांतता पसरते आणि पुन्हा तीच लकेर उमटते.

आवाजाची दिशा कळली की व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी खाली बसावे आणि नजर वर शेंड्याकडे न नेता गुडघ्यापासून दोन पुरुष उंचीपर्यंतच्या फांद्यांवर ठेवावी. एका राईत असाच बसलो असताना समोरच्या वेलीवर हा पक्षी ताठ बसलेला दिसला. त्याने शेपटी झटकली, हवेत झेप घेऊन एक किडा टिपला आणि तो जवळच्याच फांदीवर परतला. त्या वळणावर कवडशात त्याची छाती नारिंगी उजळली, तो क्षण आजही डोळ्यांसमोर आहे.

चिमणीहून किंचित लहान असलेल्या या पक्ष्याची खरी खूण गळ्यावर असते. नराचा गळा व छाती नारिंगी असते आणि तो रंग पांढऱ्या पोटाशी ठळकपणे संपतो. केवळ सह्याद्रीच्या रांगांत आढळणाऱ्या पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराच्या नराचा गळा आणि छाती मात्र गडद निळी असते. हिवाळ्यात येणाऱ्या निळ्या गळ्याच्या माशीमाराची छाती नारिंगी असली, तरी गळा निळाच असतो. मानेमागे काळा ठिपका आणि गळ्याखाली बारीक काळी रेघ दिसल्यास तो पक्षी वेगळ्याच कुळातला आहे, असे समजावे.

माद्या ओळखणे अधिक कठीण आहे, आणि तेथे माझ्या मते शेपटीवर विसंबावे. टिकेलच्या मादीची शेपटी फिकट निळसर असते, तर पांढऱ्या पोटाच्या जातीतील मादीची तांबूस असते.

एप्रिल ते ऑगस्ट हा विणीचा काळ असून घरटे दरडीतील किंवा झाडाच्या खोबणीत असते. त्या दिवसांत मोबाइलवर ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नराला मुळीच बोलावू नये, आणि पक्षी चोचीत किडा धरून 'टिक्-टिक्' करू लागल्यास आल्या वाटेने लगेच मागे फिरावे.