डीएनएचा पीळ शिकताना या चुका टाळा

वडोदऱ्यात दांडिया बाजारात मी बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. डीएनएचा धडा आला की टेबलावर हातभर सुतळी येते, आणि दरवर्षी त्याच चुका समोर येतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पीळ आणि सुपरकॉइल एकच समजणं. दोन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात तो पीळ. डीएनएत दोन धाग्यांना जोडणाऱ्या बेसच्या साधारण 10.5 जोड्यांमागे त्याचा एक फेरा होतो. ही वळलेली दोरी पुन्हा स्वतःभोवती वळली की ते सुपरकॉइल. मी त्याला पिळाचा पीळ म्हणते. सुतळीची दोन्ही टोकं घट्ट धरा, पीळ उलगडेल अशी फिरवा आणि हात जवळ आणा. मधला भाग स्वतःवरच वेढे घेईल. नेमकं याच वेळी कुणीतरी एक टोक सोडतं, सुतळी गरगर फिरते आणि "मॅडम, काहीच होत नाही" अशी तक्रार येते. टोक सुटलं की ताण गेला. जिवाणूच्या वर्तुळाकार डीएनएला सुटं टोकच नसतं. आपला डीएनए सरळ असला तरी त्याचे फास प्रथिनांनी जागोजागी अडकवलेले असतात.

आता आकडे. 2100 जोड्यांच्या वर्तुळात 200 फेरे बसतात. जिवाणू त्यातले सुमारे 6 टक्के, म्हणजे 12, कमी ठेवतो. मुलांना हा बिघाड वाटतो. पण या कमतरतेमुळेच नक्कल करताना धागे सहज सुटतात. गायरेज हे विकर (एन्झाइम) एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून एका वेळी दोन फेरे कमी करतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची गोळी त्यालाच अडवते, हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही वर बघतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने कॉलेजात प्लाझमिड (जिवाणूतला छोटा वर्तुळाकार डीएनए) जेलवर चालवलं, म्हणजे विजेच्या प्रवाहाने जेलमधून पुढे सरकवलं, दोन पट्टे दिसले, आणि नमुना अशुद्ध समजून टाकून दिला. फार वाईट वाटलं मला. सुपरकॉइल झालेला डीएनए आटोपशीर असतो, म्हणून पुढे पळतो. एका धाग्याला चीर पडलेलं सैल वर्तुळ मागे रेंगाळतं. शंका असेल तर एकाच जागी कापणारं विकर वापरा आणि कापलेला नमुना शेजारच्या खाचेत चालवा. दोन्हींऐवजी एकच पट्टा आला तर प्लाझमिड ठीक आहे.

आणि चित्र काढताना पीळ उजवाच काढा. समोरचा धागा डावीकडून उजवीकडे वर चढतो. छापील चित्रांतही तो कधी उलटा असतो, तेव्हा साधा स्क्रू उभा धरून त्याच्या आट्यांशी ताडून बघा.