वडीच्या साबणाने केस धुताय? आधी पाणी बघा

नैसर्गिक साबणाने धुतलेले केस चिकट, राठ लागले की दोष साबणाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा पाण्यात असतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं. बादलीच्या कडेला बसणारा पांढुरका थर तोच, आणि तोच केसांवरही बसतो. अशा वेळी आणखी साबण चोळू नका, साका वाढतो.

पाणी उकळून गार करा आणि वरचं निवळ तेवढं घ्या, जडपणा थोडाफार उतरतो. पावसाचं स्वच्छ पाणी मिळालं तर उत्तमच. केस पूर्ण ओले करून वडीचा फेस हातावर काढा आणि मुळांशीच चोळा. टोकांना ओघळणारा फेस पुरतो. तेल लावलेलं असेल तर दोनदा.

भरपूर पाण्याने धुतल्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर गाळलेला लिंबाचा रस घालून डोक्यावरून ओता, डोळे घट्ट मिटून. साबण अल्कधर्मी असल्याने केसांवरचे बारीक खवले उघडतात, आंबट पाण्याने ते पुन्हा बसतात आणि बोटं केसांतून अडखळत नाहीत. शेवटी साधं पाणी घ्या. केस रंगवलेले असतील तर मात्र वडी टाळा, रंग लवकर उतरतो.