शनिवारी सरकारी ऑफिसं बंद, मग आयटीवाल्यानं कामं करायची कधी?

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या ऑफिसांना पाच दिवसांचा आठवडा झाला आणि तेव्हापासून पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कात नोकरी करणाऱ्याची पंचाईत झालीय. आधी निदान दुसरा-चौथा सोडून बाकीचे शनिवार मिळायचे. आता त्यांची वेळ सोमवार ते शुक्रवार पावणेदहा ते सव्वासहा, आपलीही साधारण तीच, आणि दोघांच्या मधे भूमकर चौकातलं ट्रॅफिक. म्हणजे कुठल्याही कामाला सुट्टीच टाकायची, आणि सुट्टी टाकली की मॅनेजर विचारणार काय विशेष, आता त्याला काय सांगू की स्प्रिंट (टीमचं ठरावीक मुदतीचं काम) अर्धा सोडून लायसन्स रिन्यू करायला चाललोय?

तर माझं म्हणणं असंय की जिथं स्वतः जाऊन उभं राहावं लागतं अशी कामं आता फार थोडी उरलीत, बाकी सगळी एका पोच क्रमांकावर, म्हणजे अर्ज मिळाल्याच्या नंबरावर चालतात, तो क्रमांक पदरात पाडून घ्यायचा आणि सुट्ट्या गणपतीला गावी जायला ठेवायच्या. हे जमायला थोडी आधीची तयारी लागते, ती सांगतो.

पहिलं काम म्हणजे एका रविवारी चहा घेऊन बसा आणि आधार, पॅन, दहावीचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, पीएफचा यूएएन (कायमचा खातेदार नंबर) सगळं टेबलावर मांडून नाव एकेक अक्षर जुळवून बघा. आपल्या मराठी लोकांचा निम्मा त्रास इथंच असतो राव. दहावीच्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडलांचं. पॅनवर वडलांचं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं एक अक्षर. आधारवर एजन्सीच्या पोरानं जे टाईप केलं ते. लग्न झालेल्या बायकांचं तर विचारूच नका, आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं, बँकेत दोन्ही. स्पेलिंगमधे एक 'एच' कमी असला तरी सिस्टीम तुम्हाला दोन वेगळी माणसं समजते, आणि आपण स्वतःच असल्या सिस्टीम लिहितो त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडानं करणार. जे चुकलंय ते आधी आधारला दुरुस्त करा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. आधारला मोबाईल नंबर कॉलेजच्या काळातला असेल तर तो सगळ्यात आधी बदला, कारण घरबसल्या होणाऱ्या जवळपास प्रत्येक कामाचा ओटीपी तिथंच जातो.

दुसरं, एक फोल्डर बनवा. फोटो, सही, आधार, पॅन, लाईटबिल, भाडेकरार. प्रत्येक गोष्ट दोन साईजमधे, एक चांगली मोठी आणि एक पार चिरडलेली काही केबीत बसणारी. फोटो दहा-पंधरा केबीत बसवायचा हा खरा इंटरव्ह्यूचा प्रश्न आहे. सही कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं करून दिवसाउजेडी फोटो काढा, ट्यूबलाईटखाली काढला तर कागद राखाडी येतो आणि सही छोटी केली की डाग दिसते. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवरून अजिबात ट्राय करू नका, व्हीपीएन चालू असला की तुम्ही सिंगापूरहून आलाय असं समजून बऱ्याच सरकारी साईट उघडतच नाहीत आणि आपण म्हणतो सर्व्हर डाऊन. घरचं नेट, साधा ब्राउझर, रात्री अकरानंतर किंवा सकाळी सातच्या आत. बॅक बटण दाबायचं नाही. पैसे कट झाले आणि पावती आली नाही तर लगेच परत भरू नका, ट्रान्झॅक्शन नंबर कॉपी करा आणि साईटवर पेमेंट स्टेटस तपासायची सोय शोधा, बहुतेक वेळा ती असते, फक्त कुठल्यातरी कोपऱ्यातल्या मेनूत दडवलेली असते.

आता लायसन्स. २००५-०६ ला इंजिनिअरिंगला असताना ज्यांनी टू-व्हीलरचं लायसन्स काढलं त्यांनी आजच कार्ड उलटून तारीख बघा, तेव्हाच्या नियमानं मुदत वीस वर्षांची होती. रिन्यूअलचा अर्ज मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि संपल्यावर एक वर्षाच्या आत केला तर परत टेस्ट लागत नाही, ते वर्ष उलटलं तर मात्र आठाचा आकडा काढायला परत उभं राहा पोराटोरांच्या लायनीत. चाळिशी पार केली असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १ए. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर, आधारनं केला तर पुष्कळ कामं आरटीओचं तोंड न बघता होतात. (पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हेल्पलाईनचं नावही सारथीच आहे, ८८८८००६६६६, तिथं लायसन्सचं विचारू नका, ते कचरा आणि ड्रेनेजचं आहे.) ह्या कामाला एजंट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तो तोच फॉर्म तुमच्याच ओटीपीवर भरतो आणि वर तुमच्या अर्जाला स्वतःचा मोबाईल नंबर टाकून ठेवतो, मग पुढचे सगळे मेसेज त्याला.

भाडेकराराला मात्र एजंट खुशाल करा. लिव्ह अँड लायसन्स नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नं सक्तीचं आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे, "नोटरी करू की, कशाला खर्च" म्हणणाऱ्या काकांना हे कलम प्रेमानं दाखवा. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का असते, फार नसते. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन रात्री नऊला घरी येतो, मालक, तुम्ही, साक्षीदार सगळ्यांचे अंगठे सोफ्यावर बसून होतात, दोन सुट्ट्या वाचतात, द्यावेत त्याला पैसे.

ज्या कामाला जावंच लागतं त्याला मंगळवार ते गुरुवार, सकाळी ऑफिस उघडताना. सोमवारी गर्दी, शुक्रवारी साहेब मीटिंगला, सणाच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी तर फिरकूच नका. जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या मधे अर्धा तासच ठेवायची असा सरकारचा आदेश आहे, पण बारा-पंचेचाळीसला तुमचा नंबर येणार असेल तर डबा आणलेला बरा. मूळ कागद, दोन-दोन झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर सही आधीच केलेली, स्वतःचं पेन, सुटे पैसे. खिडकीपलीकडची व्यक्ती आधी कागद बघत नाही, आधी तुमच्या हातातली पिशवी बघते. फाईल लावून, क्रमानं, टॅग टाकून कागद आणलेत की आवाजाचा सूर जरा खाली येतो हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. "मॅडम, जरा बघता का, काही राहिलंय का" असं विचारा, तिथं "मी ऑनलाईन वाचलंय की हे लागत नाही" हे पहिलं वाक्य म्हणून टाकायचं नाही. खरं असलं तरी नाही. ते दुसऱ्या खेपेला.

आणि आता मुद्द्याचं. पोच. काहीही दिलं तर पोच घ्या. तारीख, शिक्का, सही, इनवर्ड (आवक) नंबर. "ठेवा इथं, बघतो" म्हटलं की तुमचा कागद संपला समजा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारायला कुणी सहसा नाही म्हणत नाही, फक्त आपण मागायला लाजतो. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे, म्हणजे दाखले, परवाने, नोंदी अशा अधिसूचित सेवांना दिवसांची मुदत ठरलेली आहे आणि ती ऑफिसात बोर्डावर लावायला लागते. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केला की नंबर आपोआप मिळतो, मुदत त्या दिवसापासून मोजायची. मुदत गेली की पहिलं अपील तीस दिवसांत, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मी सांगतो, अपील करायची वेळ क्वचित येते, "साहेब, पंधरा दिवसांची मुदत होती, आज बाविसावा आहे, अपिलाचा अर्ज कुणाकडे द्यायचा?" एवढं शांतपणे विचारलं तरी कपाटातून फाईल निघते. आरडाओरडा केला तर नाही निघत, उलट तुमचं नाव लक्षात राहतं.

ज्या गोष्टी त्या कायद्यात येत नाहीत त्याला माहितीचा अधिकार. दहा रुपये फी, राज्याच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, आपण ऑफिसात जिरा सॉफ्टवेअरवर कामाची तिकिटं लिहितो त्यापेक्षा बरा नियम आहे हा. "असं का झालं" विचारू नका, का चं उत्तर देत नाहीत. "माझा अमुक तारखेचा अमुक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर होता आणि त्यावर काय कार्यवाही झाली, त्याच्या प्रती द्या" असं लिहा. उत्तर द्यायला तीस दिवस असतात, पण पुष्कळदा उत्तराआधी कामच होऊन येतं.

रस्त्याच्या खड्ड्याचं प्रकरण वेगळं. हिंजवडीत खड्डा दिसला की आधी तो कुणाचा हे शोधायचं, इथं लोक हरतात. आयटी पार्कातले फेजचे रस्ते एमआयडीसीचे (औद्योगिक विकास महामंडळ), गावातले ग्रामपंचायतीचे, मेट्रोच्या खांबांभोवतीचं काम पीएमआरडीएचं (पुणे महानगर विकास प्राधिकरण), बायपास हायवे एनएचएआयचा (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण), आणि वाकडच्या बाजूला आलात की महापालिका. एका सिग्नलच्या दोन बाजूंना दोन मालक. चुकीच्या ठिकाणी तक्रार टाकली की "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून बंद, आणि बंद झालेली तक्रार त्यांच्या हिशोबात सुटलेली असते, सही पकडे हैं. त्यामुळे फोटो लोकेशनसकट काढा, जवळच्या लाईटच्या खांबावरचा नंबर फोटोत घ्या, समोरच्या दुकानदाराला विचारा की टॅक्सची पावती कुणाची येते, त्यावरून नव्वद टक्के कळतं. हायवेसाठी १०३३ ला फोन. आणि तरी "हद्दीत येत नाही" आलं तर ते उत्तरच जोडून राज्याच्या तक्रार निवारण पोर्टलवर टाका आणि दोन्ही खात्यांची नावं लिहा. तुमच्या सोसायटीतल्या दहा जणांनी दहा फोटो टाकण्यापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर एक अर्ज इनवर्ड करून आणा, तो जास्त टिकतो.

ट्रॅफिकवर माझ्याकडे उपाय नाही, कुणाकडेच नाही. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री उडवला, पुढच्या ऑगस्टमधे नवीन चालू झाला, चौक सुटला पण कोथरूडवाल्याला वाकडला पोचेपर्यंत लागायचा तो घाम लागतोच. माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं, २३ स्टेशनांची लाईन, तिच्या बांधकामाखालून एवढी वर्षं गाडी काढून काढून आपण सगळे स्थापत्य अभियंते झालो. रस्ता बदलून काही होत नाही, नांदे-माणकडून गेलात तर तिथंही तुमच्यासारखे हुशार पाचशे जण असतात, वेळ बदला. साडेसातला पोचा, नाहीतर अकरानंतर निघा, आणि दहाचं स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, वाकडच्या सर्व्हिस रोडवरून म्यूटवर द्यायची पद्धत टीममधे उघड मान्य करून घ्या, चोरून करू नका. पावसाळ्यात पाणी तुंबलं तर टू-व्हीलर घालू नका, ओढे-नाले बुजवलेत तिथं पाण्याला दुसरी जागा नाही, ते तुमच्या सायलेन्सरमधेच जाणार. त्या दिवशी घरूनच.

वर्क फ्रॉम होमच्या दिवशी लाईट जाते हा निसर्गनियम आहे. भाड्यानं राहत असाल तर बिलावर मालकाचा नंबर असतो, तो बदलून तुमचा मोबाईल त्या बारा आकडी ग्राहक क्रमांकाला जोडा, मग रजिस्टर्ड मोबाईलवरून महावितरणला ०२२-५०८९७१०० वर नुसता मिस्ड कॉल दिला तरी तक्रार नोंदते. नाहीतर १९१२. तक्रार नंबर घ्यायचा, परत तेच, नंबर. तो स्क्रीनशॉट मॅनेजरला पण चालतो.

चलानाचा मेसेज आला तर घाबरून लिंक दाबू नका. व्हॉट्सॲपवर एपीके (ॲप इन्स्टॉल करणारी) फाईल आली असेल तर ते चलान नाही, तुमचा बँक बॅलन्स आहे. राज्याच्या ई-चलान साईटवर स्वतः जाऊन, पत्ता जीओव्ही डॉट इनचाच आहे ना बघून, गाडी नंबर टाका आणि फोटो मोठा करून बघा, कधी गाडीच दुसरी निघते, नंबरप्लेटवरचा ३ आणि ८ मशीनला एकच वाटतो. अशा वेळी तिथंच तक्रारीची सोय आहे, स्वतःच्या गाडीचा फोटो जोडून टाका. गाडी विकली असेल आणि नवीन मालकानं नावावर केली नसेल तर त्याची चलानंही तुम्हालाच येणार, त्याला रोज सकाळी गुड मॉर्निंगसारखा एक फोन करत राहा.

राहिला पीएफ. नोकरी बदलली की जुन्या कंपनीनं एक्झिट डेट टाकली का बघा, ती नसेल तर ट्रान्सफर अडकतं. एचआर "टीमला कळवलंय" म्हणत राहिलं तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर यूएएन पोर्टलवर तुम्ही स्वतः टाकू शकता, त्यांच्या मागे लागायची गरज नाही. तारीख टाकताना रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा, कारण एकदा टाकली की ती बदलायला परत खटपट करावी लागते.