कळी, बगल आणि सरळ कात्री: मुलांसाठी मध्ययुगीन युरोपी ट्यूनिक घरी कसं शिवावं

मध्ययुगीन युरोपचा पोशाख शिवायचा ठरला की बहुतेकजण आधी लेस आणायला जातात. सोनेरी जर, चमचमतं सॅटिन, पाठीला चेन. अशा कपड्यात मूल पत्त्यांतल्या राजासारखं दिसतं, १२व्या-१४व्या शतकातल्या माणसासारखं नाही. त्या काळचा कपडा ओळखू येतो तो बेतण्यावरून. म्हणून आधी बेत, मग कापड, आणि सजावट सगळ्यांत शेवटी, तीही फक्त कडांना. शाळेच्या संमेलनात रॉबिन हूड बसवायचा असो, किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मुलांसह एखाद्या मध्ययुगीन जत्रेला जायचं असो (स्वीडनच्या गोटलंड बेटावर व्हिस्बी गावात असा सप्ताह १९८४पासून भरतो), हे एकच ट्यूनिक, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल अंगरखा, मुलगा, मुलगी, मित्र, मैत्रीण सगळ्यांना चालतं. बदलते ती फक्त लांबी.

हा बेत कल्पनेतला नाही, खरे कपडे सापडलेले आहेत. स्वीडनमध्ये वारबर्गजवळच्या बॉक्स्टन इथल्या दलदलीत १९३६ साली एका माणसाचा मृतदेह अंगावरच्या लोकरी कपड्यांसह मिळाला. ट्यूनिक, मागे लांब शेपटी असलेलं टोपडं, झगा, पायमोजे, सगळं. हे कपडे १४व्या शतकातले मानले जातात. त्याआधी १९२१ साली पॉल न्योरलुंड या डॅनिश पुरातत्त्वज्ञाने ग्रीनलंडमधल्या हेरयोल्फ्सनेस इथल्या दफनभूमीत उत्खनन केलं. तिथल्या गोठलेल्या जमिनीने कितीतरी कपडे राखून ठेवले होते, त्यांत लहान मुलांचेही होते. त्यांतले बरेच कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. या कपड्यांत घेर कुठून येतो ते शिवणीच सांगतात: जोडलेल्या कळ्यांतून, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या त्रिकोणी तुकड्यांतून.

कळीदार कुर्ता किंवा अंगरखा ज्यांनी शिवला आहे त्यांना हे सगळं घरचंच वाटेल. मागावरून उतरलेलं महाग कापड वाया घालवायचं नाही, म्हणून आयत आणि त्रिकोणच कापायचे. घेरासाठी कळी घालायची आणि हात वर करता यावा म्हणून काखेत बगल, म्हणजे छोटा चौकोनी तुकडा. हीच युक्ती युरोपातल्या शिवणाऱ्यांनीही वापरली. त्यामुळे छापील पॅटर्न लागत नाही. टेप, खडू आणि धार असलेली कात्री पुरते.

कापड आणि रंग

तिकडे आत तागाचा, म्हणजे लिननचा सदरा आणि वर लोकरीचं ट्यूनिक असायचं. थंड देशात असाल तर वर पातळ लोकरच घ्या, तिची पडण बघून समाधान होतं. महाराष्ट्रात संमेलनाच्या हॉलमध्ये मुलाला लोकर घालणं हा छळ आहे. इथे जाडसर हातमागाचं सुती कापड किंवा खादी घ्या, आतल्या सदऱ्याला मांजरपाट. पॉलिस्टर नको. दिव्याखाली ते लगेच चमकतं आणि कळ्या जिवंत दिसत नाहीत.

रंग झाडांतून मिळणारे निवडा. युरोपात निळा वोड नावाच्या झुडपापासून काढत. त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच. तांबडा मॅडरच्या मुळांपासून येई, जी आपल्या मंजिष्ठाची सख्खी बहीण. पिवळा वेल्डपासून, आणि पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा. म्हणून विटकरी, मातकट पिवळा, गवती हिरवा, निळा आणि मेंढीचे नैसर्गिक तपकिरी-करडे रंग डोळे मिटून घ्या. काळाभोर आणि झगझगीत जांभळा टाळा.

कापड आणल्यावर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावा. खादी आटते, आणि ती शिवल्यानंतर आटली तर मुलाची बाही कोपरावर येते.

बेतणं

इथे सहा-सात वर्षांच्या मुलाचं उदाहरण घेऊ: छाती ६० सेंमी, खांद्यापासून गुडघ्याखालपर्यंत ७० सेंमी. ११० सेंमी पन्ह्याचं दीड मीटर कापड पुरेल. सगळीकडे शिलाईसाठी १ सेंमी धरलं आहे.

अंग: छातीच्या मापात १६ सेंमी सैलपणा मिळवा, म्हणजे ७६. त्याचा अर्धा ३८, अधिक शिलाई, म्हणून ४० सेंमी रुंद पट्टा कापा. लांबी पूर्ण दीड मीटर. पुढचा-मागचा भाग एकाच तुकड्यात राहतो, खांद्यावर जोड येत नाही. मध्ये दुमडलं की प्रत्येक बाजूला ७५ सेंमी मिळतात: ७० लांबी, ५ खालची दुमड.

बाही: अंगाचा पट्टा खांद्यापेक्षा रुंद असल्याने बाही खांद्याच्या थोडी खाली बसते. म्हणून हाताच्या लांबीतून साधारण ५ सेंमी वजा करा. हात कोपरात वाकवून माप घ्या. वर ३४ सेंमी, मनगटाशी २२ सेंमी असा चौकोन निमुळता कापा. वाढत्या अंगाचा कपडा आहे, तेव्हा लांबीत ६ सेंमी जास्तीचे ठेवा आणि ते आत दुमडून सैल टाक्यांनी धरा. पुढच्या वर्षी उसवायला दोन मिनिटं लागतात.

कळ्या: १७ बाय ४५ सेंमीचे चार आयत. प्रत्येक आयत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापला की दोन त्रिकोण होतात. त्यांतला एक उलटा करून सरळ बाजू एकमेकींना जोडल्या की एक कळी तयार. अशा चार कळ्या: पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना. छापील कापडात त्रिकोण उलटता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखंच दिसणारं साधं कापड घ्या. टोकाकडचे ५ सेंमी शिलाईत जातात, म्हणजे कळी प्रत्यक्षात ४० सेंमीची मिळते.

बगल: १२ सेंमीचे दोन चौकोन. उरलेले तुकडे टाकू नका, गळ्याची पट्टी आणि बटणं त्यांतूनच निघतात.

शिवणं

गळा सर्वांत आधी, कापड सपाट असतानाच. खांद्याच्या घडीवर मध्यभागी १४ सेंमी रुंदी, मागे २ सेंमी आणि पुढे ६ सेंमी खोली आखा. त्याखाली समोर ११ सेंमीची चीर. डोकं जातं ते चिरीमुळे, म्हणून गळा मोठा करण्याचा मोह आवरा. मोठा झालेला गळा नंतर लहान होत नाही. आधी आखणीपेक्षा थोडा आत कापा, मुलाच्या डोक्यावरून घालून बघा, मग वाढवा. ४ सेंमी रुंदीची पट्टी गळ्याच्याच आकाराची कापून सुलट बाजूंनी जोडा, वळणांवर छोट्या चिरा द्या, आत वळवून हातशिलाईने बसवा. चिरीच्या टोकाला आडवे चार घट्ट टाके हवेतच. फाटायला सुरुवात तिथूनच होते.

आता पुढे-मागे मध्यभागी खालून वर ४० सेंमी सरळ चीर पाडा आणि तीत कळी बसवा. नवखी माणसं इथेच अडखळतात. कळीची एक बाजू खालून टोकापर्यंत शिवा आणि टोकाशी दोरा पक्का करून थांबा. दुसरी बाजू पुन्हा खालून वर आणा. टोकाच्या शेवटच्या ३ सेंमीत मशीन बाजूला ठेवून हाताने बारीक उलटी टीप घाला. मशीनवर टोक ओढलं जातं आणि नेमकं पोटावर चुणी पडते. कळीची तिरकी कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी असते, ती ताणली की लांबते. तिला टेबलावर पडून राहू द्या, हाताने फक्त दिशा द्या.

बगलेचा क्रम असा. चौकोनाची एक बाजू बाहीच्या वरच्या टोकाशी, काखेकडच्या पुढच्या कडेला जोडा. आता बाहीचा वरचा काठ आणि चौकोनाची लगतची बाजू मिळून एक सरळ रेष होते. बाहीचा मध्य खांद्याच्या घडीवर ठेवून ही रेष अंगाला जोडा. बाजूच्या कळ्या पुढच्या भागाला लावून घ्या. मग कपडा उलटा दुमडून मनगटापासून निघा: बाही, बगलेच्या उरलेल्या दोन बाजू, कुशीची शिवण आणि शेवटी कळी. बगलेचे कोपरे १ सेंमी आधी थांबवले की काख सपाट बसते.

आतल्या शिवणी मशीनने घातल्या तरी चालतात, लांबून कोणी पाहत नाही. पण वरून दिसणारी प्रत्येक टीप हाताची असावी असा माझा आग्रह आहे. गळा, बाहीची कड आणि खालची दुमड हाताने घातली की सगळ्या कपड्याचं रूप बदलतं. दोरा मेणावरून ओढून घ्या, गुंतत नाही. दुमड घालण्याआधी ट्यूनिक रात्रभर हँगरवर लटकवा. उरेब कडा खाली उतरतात. सकाळी घेर जमिनीपासून सारखा मोजून कापा, मग दुमडा.

सजावट

गळा, मनगट आणि खालचा घेर एवढ्याच जागा. कपडा झिजतो तोही याच कडांना, त्यामुळे तिथली पट्टी शोभेची आणि मजबुतीची अशी दोन्ही कामं करते. रंगमंचासाठी दुसऱ्या रंगाच्या कापडाची ३-४ सेंमी पट्टी पुरेशी आहे. शेवटच्या रांगेतून भरतकाम दिसत नाही, पट्टी दिसते. जवळून बघणारे मित्र असतील तर मात्र भरतकाम करा, आणि करायचंच तर बायू टेपेस्ट्रीच्या टाक्याने करा.

बायू टेपेस्ट्री ११व्या शतकातली. नाव टेपेस्ट्री असलं तरी ते तागाच्या कापडावर लोकरीने केलेलं जवळजवळ ७० मीटर लांब भरतकाम आहे. तिथला भरीव टाका शिकायला सोपा आणि दोऱ्याला काटकसरी आहे. एक पान भरून बघा. खडूने सुपारीएवढं पान काढा, रिंगमध्ये कापड ताणा. विणायच्या लोकरीचा पीळ सोडवून एक पदर घ्या. पानाच्या एका कडेवर सुई वर काढा, समोरच्या कडेवर खाली घाला. मागून परत न जाता तिथेच शेजारी वर काढून उलट दिशेने या. असं पूर्ण पान उभ्या धाग्यांनी झाकलं की दोरा जवळजवळ सगळा सुलट बाजूलाच राहतो, मागे फक्त ठिपके दिसतात. मग त्यावर दर ४-५ मिलीमीटरवर एक आडवा धागा टाका आणि तो बारीक टाक्यांनी कापडाला बांधा. शेवटी पानाभोवती गडद रंगाचा देठ टाका फिरवा. ही कडा पडेपर्यंत पान विस्कटलेलं दिसतं, तेव्हा मध्येच निराश होऊन उसवू नका. गळ्यावर भरायचं असेल तर अंगाला बाही लावण्याआधीच भरा.

नक्षी साधी असू द्या: वेल, वर्तुळात पक्षी, चौकट. मुलाला विचारून एखादा प्राणी निवडा. त्या काळातल्या हस्तलिखितांच्या कडांवर ससे, कुत्रे, गोगलगायी भरपूर आहेत, तेव्हा गोगलगाय मागितली तरी काळाला सोडून काहीच होत नाही.

मोठ्यांसाठी आणि बाकीचं

मोठ्या माणसासाठी हाच हिशेब: छातीत १६ ते २० सेंमी सैलपणा, कळी कमरेपासून खालपर्यंत, बगल १४-१५ सेंमी. पुरुषाला गुडघ्यापर्यंत, बाईला घोट्यापर्यंत. बाईच्या कळ्या लांब होतात, म्हणून पायाशी त्या रुंदही करा, नाहीतर चालताना पाऊल अडतं.

कंबरेला चामड्याचा अरुंद पट्टा किंवा विणलेली जाड नाडी बांधा आणि कापड थोडं वर ओढून पट्ट्यावर सोडा. गळ्याची चीर बंद करायला कापडी बटण करा: ३ सेंमीचं वर्तुळ कापून कडेने धावदोरा घाला, ओढा, कडा आतच दाबून गोळी घट्ट शिवा. लंडनच्या उत्खननांत अशी १४व्या शतकातली बटणं मिळाली आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला गळ्याशी बटण किंवा दोरी काहीच लावू नका, चीर उघडी राहिली तरी चालेल. टोपडं शिवलंत तर त्याची मागची शेपटी मुलांसाठी आखूड ठेवा, धावताना ती दारात अडकते.

लोकरीने भरलेला कपडा गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत आडवा वाळवा. इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, म्हणजे भरलेलं पान दबत नाही.