नेपाळात गाडी बंद पडली तर या चुका टाळा

लातूर-नांदेडहून यवतमाळ, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करत सोनौली नाक्यावरून नेपाळात शिरणाऱ्या एमएच-२४, एमएच-२६ गाड्यांचं आता कुणाला नवल वाटत नाही. पशुपतिनाथ, पोखरा, जमलं तर मुक्तिनाथ. तिकडंही गाडी डावीकडूनच चालवायची आणि लायसन्स आपलंच चालतं. त्यामुळं परदेशात आलोय हे ध्यानात येतं ते गाडी बंद पडल्यावरच. बिघाड बहुतेकदा किरकोळ असतो, पण पहिल्या तासाभरात जी घाई होते ती खिशाला जड जाते.

आपल्याकडं रस्ते सपाट, त्यामुळं उतारावरही टॉप गिअर टाकून ब्रेकवर गाडी सोडायची सवय असते. काठमांडूहून नागढुंगा ओलांडून नौबिसेकडं किंवा पाल्प्याहून बुटवलकडं उतरताना हीच सवय नडते. चाकातून जळका वास येतो, मग पेडल मऊ होऊन खाली जातं. कारण ब्रेक ऑइल ओलावा ओढून घेतं. नवं डॉट-४ ऑइल निदान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेलं १५५ च्या आसपासच उकळू शकतं. म्हणून दोन वर्षं जुनं ऑइल निघण्याआधीच बदला आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्यातच उतरा. वास आला तर गाडी बाजूला घ्या, टायरखाली दगड लावा आणि ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकडी होते.

चढावर इंजिन तापलं तर रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका, वाफेनं हात-तोंड भाजतं. काटा वर सरकायला लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. विचित्र वाटेल, पण इंजिनची थोडी उष्णता आत येते. काटा लाल पट्ट्यात गेला की मात्र इंजिन बंदच करा.

गाडी कुठं थांबवता हेही महत्त्वाचं. जुलै २०२४ मध्ये नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत गेल्या. पावसाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी बॉनेट उघडून बसू नका. गाडी ढकलता येत असेल तर मोकळ्या जागी न्या. वळणावर अडकलात तर गाडीतला धोक्याचा लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडं ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्याला आधी तो दिसेल.

टोचन लावायची घाई तर हमखास होते. कुणीतरी टिपरवाला दोरी काढतो आणि आपण लगेच हुक शोधतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंगही जड होतं. चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊन बसतं. घाटात असली गाडी दोरीवर उतरवणं म्हणजे दोन गाड्या एकत्र दरीत घालणं. सपाट रस्त्यावर, थोड्या अंतरासाठी, चावी ऑन ठेवून आणि गाडी न्यूट्रलला टाकून चालेल. ऑटोमॅटिक गाडीला मात्र टोचन नकोच, ती ट्रकवर चढवूनच न्या.

सीएनजीवाल्यांनो, नेपाळात पंप मिळेल या भरवशावर राहू नका. महिनोन्महिने गॅसवर पळालेली गाडी पेट्रोलवर झटके देते. तेव्हा निघण्याआधी आठवडाभर ती पेट्रोलवरच चालवून बघा.

मारुती, ह्युंदाई, टाटा, महिंद्रा तिकडंही विकल्या जातात, त्यामुळं बुटवल, पोखरा, काठमांडूत पार्ट मिळायची आशा असते. गावाकडच्या फिटरला व्हिडिओ कॉल लावून तिथल्या मिस्त्रीशी बोलायला लावा, निम्मा घोळ तिथंच मिटतो. पैसे ठरवताना मात्र स्पष्ट विचारा, "दाइ, आयसी की नेपाली?" आयसी म्हणजे आपले भारतीय रुपये. भारताच्या १०० रुपयांचे नेपाळचे १६० होतात, म्हणजे न विचारता दिले तर दीडपटीच्या वर गेले. मार्च २०२४ पासून नेपाळच्या फोनपे (Fonepay, आपला PhonePe नव्हे) कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, पण त्याला नेट लागतं. शंभराच्या नोटांचं एक बंडल जवळ असू द्या.

"आपला फुल इन्शुरन्स आहे की!" हे वाक्य नाक्यापर्यंतच खरं. साधी पॉलिसी भारतापुरतीच असते. नेपाळासाठी हद्द वाढवून घ्यावी लागते, एजंटाला आयएमटी-१ म्हटलं की कळतं. रस्त्यावरच्या मदतीची सोय तिकडं चालते का, हेही लेखी विचारून घ्या. आणि अपघात नसेल, नुसतं इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला असेल, तर साध्या पॉलिसीत तो खर्च बसत नाही.

शेवटची चूक भन्सारची, म्हणजे नाक्यावर गाडीसाठी काढलेल्या परवान्याची. मिस्त्री म्हणतो पार्ट परवा येईल आणि पावतीवरची मुदत उद्याच संपत असते. मुदत उलटल्यावर दंड भरत बसण्यापेक्षा आधीच भन्सार कार्यालयात जाऊन ती वाढवून घ्या. गाडी गॅरेजात टाकून बसनं गावी परतायचा विचार करू नका, परवाना तुमच्या नावावर आहे आणि गाडी परत नेण्याची जबाबदारीही तुमचीच. गॅरेजकडून तारखेचं बिल किंवा चिठ्ठी मागून घ्या, सोबत उघडलेल्या इंजिनचा फोटो काढा आणि दोन्ही घेऊन कार्यालयात जा.