डाळिंब: तेल्याची फळं आधी उचला, स्ट्रेप्टोची पुडी दुकानातच राहू द्या

मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलं धरण्याच्या हंगामाच्या) बागांत फळं लिंबाएवढी झाली आहेत आणि पावसाची उघडझाप सुरू आहे. ढगाळ हवा, तिशीच्या आसपास तापमान, दिवसभर ओली पानं. तेल्याला, म्हणजे फळांवर काळे डाग पाडणाऱ्या जिवाणूच्या रोगाला, एवढंच लागतं. बाकीची कामं थांबवा आणि बागेत जाताना पंपाऐवजी पोतं घेऊन जा.

सांगोला, आटपाडी पट्ट्यात चांगल्या बागा या रोगाने गेलेल्या पाहिल्या आहेत. फवारण्या भरपूर होत्या. पण डाग पडलेली, तडकलेली फळं झाडाखाली तशीच होती. मजूर फळ तोडतात आणि आळ्यात टाकतात, नाहीतर बांधावर फेकतात. त्या काळ्या डागात जिवाणू जिवंत असतो. पावसाच्या थेंबाबरोबर तो उडतो आणि वाऱ्याने पुढच्या ओळीत जातो. बांधावरचा ढीग म्हणजे रोगाचं बियाणंच. डागाळलेलं प्रत्येक फळ पोत्यात, पोतं बागेबाहेर, लगेच जाळा किंवा खोल खड्ड्यात गाडा. "आठवड्याने एकदम उचलू" असं म्हणू नका, मधल्या एका पावसात काम बिघडतं.

हे न करता लोक स्ट्रेप्टोसायक्लिनच्या पुड्या आणतात. गुण आला नाही की दुकानदार दोन पुड्या वाढवायला सांगतो. त्या पुडीत 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि 10 टक्के टेट्रासायक्लिन असतं, म्हणजे माणसाला लागणारी अँटिबायोटिक्स. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडलं आणि क्षयरोग्यांचे जीव त्याने वाचवले. पडलेला डाग मात्र त्याने भरून येत नाही. वारंवार मारलं की कमजोर जिवाणू मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि तेच वाढतात. कॅलिफोर्नियातल्या पेअरच्या बागांत 1971 मध्येच असे जिवाणू सापडले होते. औषधाला न जुमानण्याचा हा गुण एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातो, अगदी माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंपर्यंतही पोचू शकतो. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने ही दोन्ही औषधं शेतीतून टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मसुदा आदेश काढला, तो याच भीतीने. तरीही कुणी पुडी हातात ठेवलीच, तर लेबलवर डाळिंबाचं नाव आहे का ते आधी वाचा.

फळं उचलल्यावर करायची कामं:
- रोगट फांदी डागाच्या खाली दोन इंच कापा, पानं कोरडी असतानाच.
- प्रत्येक झाडानंतर कात्री 2.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा.
- कापलेल्या जागी 10 टक्के बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) पेस्ट.
- झाडाखालच्या जमिनीवर ब्लीचिंग पावडर, हेक्टरी 25 किलो 1000 लिटर पाण्यातून. पानांवर नको.
- फवारणी: 0.5 टक्के बोर्डो (मोरचूद 500 ग्रॅम, चुना 500 ग्रॅम, पाणी 100 लिटर) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड 2 ग्रॅम प्रति लिटर, स्टिकरसह (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य).

बोर्डो घरीच करा, त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरं औषध मिसळू नका. तयार द्रावणात लोखंडी सुरी बुडवा. तिच्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा, नाहीतर पानं करपतील. महागड्या बाटलीतल्या 'तेल्या स्पेशल'पेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे.

एक निव्वळ अंदाज सांगतो, कुठे छापलेला नाही: वाऱ्याच्या तोंडावरच्या कडेच्या दोन ओळींत डाग आधी दिसतो. पाऊस उघडला की पहिली फेरी तिथे मारा आणि पानं उलटून पाहा. तिथे डाग दिसला, तर आतली बाग त्याच दिवशी तपासा.

ज्यांच्या मृगात दरवर्षी तेल्या येतो त्यांनी हट्ट सोडून हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा) धरावा. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचाही कल तिकडेच आहे. काढणीनंतर झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या आणि त्या काळात खोडावरच्या, फांद्यांवरच्या जुन्या जखमा शोधून काढा. पुढच्या बहाराचा जिवाणू तिथेच दबून बसलेला असतो.